दिवे लागणारी रेडिओ-कंट्रोल युद्धनौका: १:१०० ‘गोदावरी’ कशी बांधावी

आयएनएस गोदावरी १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ रोजी निवृत्त झाली. नीलगिरी म्हणजे मूळच्या लिअँडर वर्गाचा आराखडा वाढवून ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, माझगाव गोदीत बांधली गेली. लांबी १२६.४ मीटर, रुंदी १४.५ मीटर, पाण्यातली खोली सुमारे ४.५ मीटर, दोन शाफ्ट. पहिल्या चालत्या मॉडेलसाठी ही निवड सोयीची आहे. १:१०० मापात ती १२६४ मिमी लांब आणि १४५ मिमी रुंद होते, म्हणजे मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या मांडीवर आडवी मावत नाही, पण रिक्षात किंवा एसटीच्या मागच्या सीटवर मावते. याहून लहान केली तर आत बॅटरी बसवताना जीव मेटाकुटीला येतो.

सुरुवात आकड्यांनी करायची. लांबी शंभरपट कमी होते, वजन मात्र शंभराच्या घनाने, म्हणजे दहा लाखपट. भरलेल्या गोदावरीचं विस्थापन (तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं, म्हणजे तिचंच वजन) सुमारे ३,८५० टन, मॉडेल ३.८५ किलोचं हवं. त्याहून जड झालं तर पाणरेषा बुडेल, हलकं झालं तर तांबडा तळ वर दिसेल आणि बोट डोलेल. म्हणून करवत हातात घेण्याआधी वजनाची वाटणी कागदावर मांडा: सांगाडा आणि डेक १,१०० ग्रॅम, दोन बॅटऱ्या १,४५० ग्रॅम, मोटारी, शाफ्ट आणि पंखे (प्रोपेलर) ६५० ग्रॅम, इलेक्ट्रॉनिक्स आणि वायरिंग २५० ग्रॅम, डेकवरचं सगळं बांधकाम २५० ग्रॅम. बेरीज ३,७०० होते. उरलेले १५० ग्रॅम शेवटी तोल साधायच्या शिशासाठी. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा जवळ ठेवा आणि प्रत्येक भाग चिकटवण्याआधी तोला. डेकवरचे २५० ग्रॅम कधीही ओलांडू नका. खालची चूक शिसं काढून दुरुस्त होते, वरची होत नाही.

सामान कुठे मिळतं

ट्रान्समीटर, स्पीड कंट्रोलर, पितळी पंखे आणि शाफ्ट ऑनलाइनच मागवावे लागतात. बाकीचं बहुतेक सामान जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार अशा गावांत पायी फिरून जमतं, फक्त दुकानं वेगळी. विहिरीच्या मोटारी भरणाऱ्याकडे एनॅमलची तांब्याची बारीक तार, स्लीव्ह आणि वॉर्निश मिळतं; दिव्यांसाठी ३८ गेजची तार हवी, ती तोळ्याच्या भावात नाही, चार-दोन रुपयांत मिळते. सराफ बाजारात सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानात बारीक करवतीची पाती, सुईकानस आणि पितळी तार. बोर्ड रंगवणाऱ्याकडे ३ मिमी सनबोर्डचे उरलेले तुकडे. टायरच्या दुकानात चाक बॅलन्सिंगचं काढून टाकलेलं शिसं. गाड्यांच्या गॅरेजमधून पुट्टी आणि पॉलिश पेपर, फायबरच्या टाक्या बनवणाऱ्याकडून रेझिन आणि ग्लास क्लॉथ.

सांगाडा

बाजूचं आरेखन प्रसिद्ध छायाचित्रांवरून निघतं. पाण्याखालचा आकार छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी लिअँडर वर्गाच्या मॉडेल प्लॅनमधले आडवे छेद घ्या आणि गोदावरीच्या लांबी-रुंदीला ताणा. पाण्याखाली तंतोतंतपणाचा हट्ट नको, फक्त विस्थापन पुरेसं राहील हे पाहा.

कणा ६ मिमी मरीन प्लायचा, बरगड्या ४ मिमी प्लायच्या, दर ६० मिमीवर एक, म्हणजे सुमारे २१. प्रत्येक बरगडी मधून कोरून कडेला १२ मिमी ठेवा. वजन कमी होतं आणि नंतर वायरी-बॅटऱ्यांना वाट मिळते. सांगाडा उलटा, डेक खाली, सरळ फळीवर स्क्रूने बसवा. जुन्या दाराची फळी चालते, पण तिच्यावर आधी दोरी ताणून पाहा. फळीला पीळ असेल तर तो बोटीत उतरतो आणि पुढे ती आयुष्यभर एकाच बाजूला वळते.

बरगड्यांवर पाइन लाकडाच्या २ × ८ मिमी पट्ट्या, १.३५ मीटर लांबीच्या ५० नग. सुतार टेबल-करवतीवर काढून देतो. एक पट्टी डावीकडे, लगेच एक उजवीकडे, अशा जोडीने चिकटवा. एक बाजू आधी पूर्ण केली तर सुकताना सांगाडा तिकडे ओढला जातो. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, पट्ट्या निमुळत्या कराव्या लागतात. जिथे वाकत नाहीत तिथे दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवा.

पट्ट्या घासून झाल्या की बाहेरून ग्लास क्लॉथचा एक थर आणि रेझिनचे दोन हात. एकूण २५० ग्रॅम रेझिन पुरतं. आतून पातळ इपॉक्सी. इथे खान्देशचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पॉलिस्टर रेझिन ब्रश लागायच्या आधी भांड्यातच घट्ट होतं आणि भांडं हाताला चटका देतं. सकाळी सहाला सुरू करा, एका वेळी १०० ग्रॅमच मिसळा आणि हार्डनर १ ग्रॅमच्या वर नको. डिसेंबरात हेच प्रमाण २ ग्रॅमपर्यंत न्यावं लागतं. रेझिन आधीच कोबाल्ट (घट्ट होणं वेगात आणणारं द्रव) मिसळलेलं मागा. कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळाले तर ते दोन कधीही एकमेकांत थेट ओतू नका, स्फोट होतो. आणि थर्माकोल पॉलिस्टर रेझिनखाली विरघळतो, त्यामुळे भरावाला तो वापरायचा असेल तर त्यावर इपॉक्सीच.

डेक १.५ मिमी प्लायचा. मागची हेलिकॉप्टर डेक आणि हँगर मिळून एक सुटा तुकडा करा, मधलं बांधकाम दुसरा. या दोन झाकणांतूनच पुढे हात घालायचा आहे. झाकणाच्या तोंडाला आतून १२ मिमी उंचीची कड लावा, म्हणजे डेकवर आलेलं पाणी आत न शिरता कडेने वाहून जातं.

शाफ्ट, पंखे, मोटारी

४ मिमीचा स्टेनलेस शाफ्ट, त्यावर पितळी नळी, दोन्ही टोकांना पितळी बुश. नळीच्या मध्यावर ३ मिमीची उभी नळी झाळून तिचं तोंड पाणरेषेच्या वर आणा. तिथून ग्रीस भरता येतं आणि पाणी त्या वाटेने आत चढत नाही. पंखे ३५ मिमी, तीन पात्यांचे, एक उजव्या फेऱ्याचा, एक डाव्या फेऱ्याचा. मागून पाहिल्यावर उजव्या बाजूचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरायला हवा, डावा उलट.

मोटार निवडताना लोक हमखास मोठी घेतात. खऱ्या गोदावरीची ताकद ३०,००० अश्वशक्ती, वेग २७ नॉट्सच्या, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. मॉडेलचा वेग मापाच्या वर्गमुळाने उतरतो: ताशी ५० किलोमीटरचे ५, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतका. ताकद तर एक कोटीपट उतरते: २ वॅटच्या किंचित वर. छोट्या पंख्याची गळती आणि घर्षण धरूनही १० वॅटच्या पुढे जायचं कारण नाही. त्यामुळे ५५५ साइझच्या, १२ व्होल्टला ६,००० आरपीएमच्या दोन मोटारी भरपूर झाल्या. २०,००० आरपीएमची मोटार लावली तर बोट स्पीडबोटीसारखी नाक वर करून पळते आणि युद्धनौका वाटत नाही.

मोटारीचा माउंट चिकटवण्याची एक रीत आहे, तिला फाटा देऊ नका. मोटारीचा आणि शाफ्टचा दांडा आधी एका सरळ, घट्ट पितळी नळीने जोडा, मग माउंटखाली इपॉक्सी पुट्टी भरा आणि रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी नळी काढून तिथे युनिव्हर्सल जॉइंट बसवा. नुसत्या नजरेने बसवलेली मोटार घरघरते, करंट खाते आणि जॉइंट झिजवते. पाण्यात निवांत वेगाला दोन्ही मोटारी मिळून २ अँपिअरच्या आत राहायला हव्यात. जास्त दिसला की आधी अलाइनमेंट, मग ग्रीस, मग पंख्यात अडकलेला दोरा, या क्रमाने शोधा.

प्रत्येक मोटारीला ०.१ मायक्रोफॅराडचे म्हणजे ‘१०४’ छापलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर: एक दोन टोकांमध्ये, उरलेले दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या पत्र्याला. पत्रा कानशीने खरडल्याशिवाय झाळ धरत नाही. हे वगळलं तर ब्रशच्या ठिणग्यांनी सर्वो (सुकाणू वळवणारी छोटी मोटार) थरथरतो आणि दिव्यांचा कंट्रोलर अधूनमधून रीसेट होतो.

सुकाणू मापापेक्षा २५ ते ३० टक्के मोठं करा. मापातलं सुकाणू मॉडेलच्या कमी वेगाला पुरेसा वळसा देत नाही. त्याला एमजी९० जातीचा मेटल गिअरचा सर्वो.

वीज आणि रेडिओ

लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हलकी असते म्हणून ती घेतात आणि मग खाली किलोभर शिसं ठेवतात. त्यापेक्षा इमर्जन्सी लाइटमध्ये येते ती ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-अवरची सील्ड लेड बॅटरी घ्या. एक सुमारे ७२० ग्रॅमची, गावात कुठेही मिळते, उन्हात पेट घेत नाही. दोन घ्या, सिरीजमध्ये जोडा आणि आडव्या झोपवून कण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. उभी ठेवली तर वजन वर जातं. खाली वेल्क्रो नको, लाकडी खाचा करा, कारण कलल्यावर बॅटरी सरकली तर बोट परत सरळ होत नाही. प्लसच्या वायरीत, बॅटरीपासून १० सेंटीमीटरच्या आत, १५ अँपिअरचा गाडीचा ब्लेड फ्यूज.

स्पीड कंट्रोलर दोन, ब्रश मोटारीचे, रिव्हर्स असलेले. इनपुट मर्यादा नीट वाचा. भरलेली लेड बॅटरी चार्जरवरून काढल्यावर १३ व्होल्टच्या वर असते. ‘३ सेल लिपो’ म्हणजे १२.६ व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर तिच्यावर लावू नका. १६ व्होल्टपर्यंतचा घ्या. दोन्ही कंट्रोलरच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या प्लगमधली लाल पिन काढून टेप लावा. अनेक स्वस्त कंट्रोलरच्या आतला ५ व्होल्टचा पुरवठा १२ व्होल्टवर तापतो, आणि दोन पुरवठे एकमेकांशी भांडतात ते वेगळंच. त्याऐवजी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा एक वेगळा स्विचिंग यूबेक (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून देणारी छोटी पेटी) रिसीव्हर आणि सर्वोसाठी, आणि दुसरा फक्त दिव्यांसाठी. एकाच यूबेकवर दोन्ही टाकले की सुकाणू वळवताना दिवे मिचकावतात.

रेडिओ सहा चॅनेलचा, फ्लायस्काय एफएस-आय६ पुरेसा आहे. दोन्ही कंट्रोलर वाय-केबलने एकाच चॅनेलवर घ्या आणि तो चॅनेल २ ठेवा. चॅनेल ३ ची डावी काठी मध्यावर परत येत नाही, त्यामुळे घाईत न्यूट्रल सापडत नाही आणि बोट घाटाच्या दगडावर जाते. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर बोटीने काय करायचं ते, स्वतः सेट करावा लागतो: वेग न्यूट्रलला. तपासायला बोट स्टँडवर ठेवा, मोटार चालू करा, ट्रान्समीटर बंद करा. पंखे थांबले तरच पाण्याकडे निघायचं. रिसीव्हरच्या दोन अँटेना मधल्या बांधकामात, पाणरेषेच्या बऱ्याच वर, एकमेकींशी काटकोनात आणि पितळी डोलकाठीपासून दूर. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही. तळाशी टाकलेला रिसीव्हर पन्नास मीटरवर गप्प होतो.

दिवे

बहुतेक मॉडेलांवर दिवे लागतात, पण चुकीचे लागतात. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे: उजवीकडे हिरवा, डावीकडे लाल, दोन्ही ११२.५ अंशांत दिसणारे, सरळ पुढून आडव्याच्या थोडं मागेपर्यंत. मागे पांढरा, १३५ अंशांत. डोलकाठीवर पांढरा, पुढच्या २२५ अंशांत. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला असे दोन, मागचा पुढच्यापेक्षा उंच. नांगरावर असताना हे सगळे बंद आणि पुढे-मागे सर्व बाजूंनी दिसणारे दोन पांढरे, पुढचा उंच. शिवाय १०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाने डेक उजळायची असते. गोदावरी १२६ मीटरची, तेव्हा नांगरावर डेकचे दिवे हवेतच. रात्री सर्वांत देखणा मोड हाच आहे.

कोन पाळण्यासाठी ०६०३ साइझचा एसएमडी (बिनपायाचा, चपटा) एलईडी पितळी पत्र्याच्या छोट्या कोनाड्यात बसवा, कोनाडा आतून काळा. कोनमापकाने तपासायची गरज नाही: अंधारात खोलीभर फिरा, समोरून लाल-हिरवा दोन्ही दिसतात आणि मागून एकही दिसत नाही, एवढं जमलं की झालं.

एलईडीला झाळण्याआधी एनॅमल तारेचं टोक झाळीच्या थेंबात धरून वॉर्निश जाळा. डोलकाठी पितळी नळीची असेल तर नळीच सामायिक प्लस करा, म्हणजे प्रत्येक दिव्याला आत एकच तार लागते. उलट, उघड्या धातूच्या काठीवर प्लस असल्याने काठीला ताणून धरणाऱ्या पितळी तारा तिच्यापासून इन्सुलेट करा. त्या डेकवरच्या दुसऱ्या धातूला टेकल्या की शॉर्ट.

रेझिस्टर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र. तीन एलईडी समांतर करून एकच रेझिस्टर लावला की एक भगभगतो, दोन मिणमिणतात. पुढे सांगितलेल्या यूएलएन२००३ चिपमध्ये ०.८ व्होल्टच्या आसपास जातात हे धरून ५ व्होल्टवर पांढऱ्याला ६८० ओहम, लालला १ किलोओहम, हिरव्याला १.५ किलोओहम. करंट सुमारे १ ते २.५ मिलिअँपिअर येतो आणि तो पुरतो. हिरवा डोळ्याला मुळातच जास्त जाणवतो, म्हणून त्याला मोठा रेझिस्टर. छापील ‘२० मिलिअँपिअर’ने लावलेले दिवे मापात पाहिले तर क्रिकेटच्या मैदानाचे वाटतात.

खिडक्यांमागे वॉर्म व्हाइट ३ मिमी एलईडी. बांधकामाच्या भिंती आतून आधी काळ्या, मग पांढऱ्या रंगवा. नुसत्या पांढऱ्या रंगवल्या तर १ मिमीची प्लास्टिक भिंत कंदिलासारखी उजळते आणि सांध्यांतून प्रकाश झिरपतो. गोल खिडक्या १ मिमी ड्रिलने, त्यात टूथपिकने पारदर्शक इपॉक्सीचा थेंब.

दिव्यांचा मेंदू म्हणजे अर्डुइनो नॅनो, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड. त्याची पिन २० मिलिअँपिअरच्या पुढे ताणू नये, म्हणून मध्ये यूएलएन२००३ ची चिप: सात वाटा, प्रत्येकीवर एक गट. वाटणी अशी: १ बाजूचे आणि मागचा, २ डोलकाठीचे, ३ नांगराचे, ४ डेकचे, ५ खिडक्या, ६ दोन उभे लाल, ७ रडारची मोटार. एलईडीचं प्लस ५ व्होल्टला, मायनस रेझिस्टरमधून चिपला. मोटारीसाठी चिपची ९ क्रमांकाची पिन प्लसला जोडायला विसरू नका. आतले डायोड तिच्यातूनच काम करतात.

ट्रान्समीटरवरचं तीन अवस्थांचं स्विच चॅनेल ५ वर घ्या. रिसीव्हरची पल्स १,००० ते २,००० मायक्रोसेकंदांची असते: १,३०० च्या खाली सगळं बंद, १,७०० पर्यंत प्रवासाचे दिवे, वर नांगराचे. वाचताना पल्सइनला (पल्सची लांबी मोजणाऱ्या अर्डुइनोच्या फंक्शनला) २५,००० मायक्रोसेकंदांची मुदत द्या. न दिल्यास सिग्नल गेला की प्रोग्रॅम एक सेकंद अडकून बसतो. सलग तीन वाचनं एकाच टप्प्यात आली तरच मोड बदला, नाहीतर मोटारीच्या गोंगाटाने दिवे लपलपतात.

दोन उभे लाल दिवे म्हणजे ‘जहाज ताब्यात नाही’ ही खरी खूण. तिला इथे कामाला लावता येतं. बॅटरीच्या प्लसपासून २२ किलोओहम, तिथून मायनसला १० किलोओहम. मधला बिंदू नॅनोच्या ए० पिनला. बॅटरी ११.५ व्होल्टला आली की तिथे ३.६ व्होल्ट मिळतात, नॅनोचं वाचन (५ व्होल्टला १०२३) ७३५ च्या आसपास. वाचन त्याखाली पाच सेकंद राहिलं तर लाल जोडी लावा आणि बोट किनाऱ्याला घ्या. यूबेकचे ‘५ व्होल्ट’ मल्टिमीटरने मोजून घ्या, ते ५.२ असतील तर हा आकडा सुमारे ७०७ धरायचा.

रडारसाठी ६ व्होल्ट, ३० आरपीएमची एन२० गिअर मोटार. सिरीजमध्ये रेझिस्टर घालून ती १२ ते १५ फेऱ्यांवर आणा. मोटार डेकखाली, वर फक्त १ मिमीची स्टीलची तार २ मिमी नळीतून. डोलकाठीच्या टोकावर मोटार ठेवण्याचा मोह वजनाच्या वाटणीत बसत नाही.

रंग

गॅरेजचा एनसी किंवा ड्युको रंग प्लास्टिकच्या बांधकामावर थेट मारू नका, त्यातला थिनर कडा वितळवतो. सांगाड्यावर चालतो. तळ तांबडा, पाणरेषेवर ८ मिमीचा काळा पट्टा, वर करडा, बाजूवर ‘एफ२०’ ही अक्षरं. शेवटी मॅट लॅकर. थ्रीडी प्रिंट वापरत असाल तर पीएलए टाळा. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि मे महिन्यात बंद गाडीत करड्या रंगाखाली तोफांच्या नळ्या मान टाकतात. पीईटीजी किंवा एबीएस घ्या.

पाण्यात

पहिली चाचणी गोठ्यातल्या सिमेंटच्या हौदात. बोट पाणरेषेवर बसेपर्यंत शिसं हलवा. जागा पक्की झाल्यावरच चिकटवा. मग तिला एका बाजूला १५ अंश कलवून सोडा आणि डोलण्याचा वेळ मोजा. डावीकडून डावीकडे एक पूर्ण झोका सुमारे १ सेकंदाचा हवा. २ सेकंद लागले तर वरचं वजन जास्त आहे, वळणावर ती झोपेल. ०.६ सेकंद लागला तर ती फार ताठ आहे. शिसं थोडं वर घ्या. त्यानंतर अर्धा तास हौदात तशीच राहू द्या आणि आत टिश्यू पेपर टाकून पाहा. ओलावा बहुतेक वेळा शाफ्टच्या नळीपाशी किंवा सुकाणूच्या दांड्यापाशीच दिसतो.

चालवायला शेततळं उत्तम: गाळ नाही, जलपर्णी नाही, लाटा नाहीत. पण त्याचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय टिकत नाही आणि आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. काठावर खुंटीला बांधलेला गाठींचा दोर आधी सोडा, मुलांना कुंपणाबाहेर ठेवा, एकट्याने जाऊ नका. जळगावचा मेहरूण किंवा धुळ्याचा नकाणे तलाव असेल तर जलपर्णी नसलेला काठ निवडा. तिचं मूळ पंख्यात गुंतलं की मोटार जळते. धरणाच्या भिंतीकडे आणि दरवाजांकडे फिरकायचं नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळी नऊच्या आत. पावसाच्या तोंडावर साक्रीकडच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात, त्या वाऱ्यात ३ सेंटीमीटरची लाट या बोटीला समुद्रातल्या ३ मीटर लाटेसारखी लागते.

बंद पडलेल्या बोटीमागे पोहत जाऊ नका. गळाच्या काठीच्या दोऱ्याला टेनिस बॉल बांधा, तो बोटीच्या पलीकडे टाका आणि दोरा डोलकाठीला अडकवून हळू ओढा. परतल्यावर दोन्ही झाकणं उघडी ठेवून रात्रभर सुकवा, शाफ्टमध्ये ग्रीस भरा आणि बॅटऱ्या त्याच दिवशी चार्ज करा. वापर नसेल तेव्हाही दर दोन महिन्यांनी चार्ज लागतो. उतरलेली लेड बॅटरी उन्हाळाभर तशीच पडली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट जमतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.